ईएसपी३२ संत्र्याच्या बागेत लावलं, पण वायफाय चालू झालं की ओलाव्याचा आकडा ४०९५ वर अटकते

वावरातला_वायफाय (वरुड तालुका)

रामराम मंडळी. चार एकर संत्रा हाय आपला, काळी भारी जमीन, ठिबकवर. आंबिया बहाराच्या ताणाच्या वेळी, म्हणजे फुलं यावी म्हणून बाग कोरडी ठेवतात तवा, पाणी कधी तोडायचं न परत कधी सोडायचं हे आजवर बाबाच ठरवत आले, कुदळीनं वीतभर खोदून मूठभर माती घेतात, दाबून पायतात, लाडू फुटला का नाई त्यावरून सांगतात. आता बाबांचे गुडघे दुखतात, रोज चार कोपऱ्यात जाणं त्यायले होत नाई, म्हणून मी ईएसपी३२ (वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप) चा तीस पिनवाला बोर्ड घेतला, कॅपॅसिटिव्ह ओलाव्याचा सेन्सर घेतला, म्हटलं घरीच मोबाईलवर आकडा दिसला पायजे.

आता अडचणी सांगतो, तीन हायेत.

पहिली, सेन्सरची पिवळी वायर डी२५ ला लावली हाय. नुसता सेन्सर वाचायचा प्रोग्राम टाकला तं आकडा एकदम बरोबर येते, ओल्या मातीत कमी, कोरड्यात जास्त. पण त्याच प्रोग्राममधे वायफाय जोडलं की आकडा ४०९५ वर, म्हणजे जास्तीत जास्त येऊ शकते त्याच्यावर, जाऊन बसते न हलतच नाई. सेन्सर बदलून पायला, वायर बदलून पायली, तेच.

दुसरी, घरी लॅपटॉपच्या यूएसबीवर बोर्ड दिवसभर चालते. वावरात १८६५० लिथियम सेलवर लावलं, सेल बोर्डाच्या व्हीआयएन (वीज घ्यायच्या) पिनला जोडला, संग टीपी४०५६ चार्जर न ६ व्होल्टचं छोटं सोलर पॅनल, तं घडीघडी रीसेट होते. लॅपटॉप वावरात नेऊन पायलं तं ब्राउनआउट डिटेक्टर असं काईतरी लिहून येऊन रायलं.

तिसरी, बाग घरापासून सव्वा किलोमीटर हाय. सध्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून टेस्टिंग करून रायलो, पण रोज मोबाईल बागेत ठेवता येत नाई. सिमवालं टूजी मॉड्यूल घेऊ का? आमच्या इकडे रेंज जिओचीच बरी हाय.

ताण तोडायच्या आधी हे उभं करायचं हाय, मार्गदर्शन करा.


लॅबवाली_ताई (अमरावती)

पहिली अडचण तुमच्या हातून झालेली नाही दादा, ती चिपचीच ठेवण आहे. ईएसपी३२ मध्ये व्होल्टेज मोजणारे दोन भाग असतात, एडीसी१ आणि एडीसी२. वायफाय चालू असताना एडीसी२ वायफाय स्वतःसाठी वापरतं, तेव्हा त्यावरच्या पिना वाचता येत नाहीत. जीपीआयओ २५ (म्हणजे बोर्डवरची डी२५), २६, २७, १२ ते १५, ०, २, ४ या सगळ्या एडीसी२ वर आहेत. तुमची वायर ३२, ३३, ३४, ३५ पैकी कुठेही लावा, प्रोग्राममध्ये पिनचा नंबर बदला, बस. ३४ आणि ३५ फक्त इनपुटच्या पिना आहेत, सेन्सर वाचायला त्याच द्या म्हणजे बाकीच्या दुसऱ्या कामाला मोकळ्या राहतात. आमच्या लॅबमध्ये दरवर्षी निम्मी मुलं इथेच अडकतात, दोन-दोन दिवस सेन्सरला दोष देत बसतात म्हणून मी आता पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवते.

अजून एक, या चिपचं मोजमाप थोडं थरथरतं, एका वाचनावर जाऊ नका. तीसएक वाचनं घ्या, लहानमोठी लावून मधलं धरा. सरासरी नको, मधलं, कारण एखादं वाचन उडालं की सरासरी बिघडते.

दुसरी अडचण. बोर्डवर ५ व्होल्टचे ३.३ करणारा जो रेग्युलेटर असतो तो बहुतेक एएमएस१११७ असतो, त्याला स्वतःला साधारण १.१ व्होल्ट लागतात. १८६५० भरलेला असला तरी ४.२, आणि बराच वेळ ३.७ च्या आसपास राहतो. ३.७ मधून १.१ गेले, उरले २.६! त्यात वायफाय पाठवताना बोर्ड क्षणभर काही शे मिलीअँपिअर ओढतो, व्होल्टेज अजून खाली बसतं आणि चिप स्वतःला वाचवायला रीसेट होते. तोच तो ब्राउनआउट. लॅपटॉपवर ५ व्होल्ट मिळतात म्हणून तिथे चालतं.

यावर दोन उपाय. एकतर कमी ड्रॉपचा रेग्युलेटर बाहेरून लावा, निदान ५०० मिलीअँपिअर झेपणारा, आणि बोर्डच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर, आणि आउटपुट थेट ३व्ही३ (३.३ व्होल्टच्या) पिनला. किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्या, तो ३.२ व्होल्टचाच असतो, रेग्युलेटरशिवाय ३व्ही३ ला चालतो. पण मग टीपी४०५६ काढा, तो ४.२ पर्यंत भरतो, फॉस्फेट सेलला ३.६ च्या वर नेलं तर सेल खराब होतो आणि बोर्डही जातो. त्याच्यासाठी वेगळा चार्जर मिळतो.


पऱ्हाटीवाला (दारव्हा)

ताईनं वायरिंगचं बरोबर सांगितलं, मी मातीचं न उन्हाचं सांगतो, कारण माझा पहिला हंगाम त्याच्यातच गेला.

भाऊ, तुमची जमीन काळी हाय न, मंग हे नीट वाचा. काळी माती सुकली की भेगाळते हे आपल्याले लहानपणापासून माईत हाय, पण सेन्सर त्या भेगीत उभा राहिला की त्याच्या भवताल माती नसते, हवा असते. मी पऱ्हाटीत (कापसात) सेन्सर नुसता खुपसून दिला होता. आठ दिवस बरोबर, मंग एका दुपारी आकडा सरकन वर गेला, एकदम कोरडं दाखवलं, मी रात्री तीन वाजता लाईट आल्याबरोबर मोटर लावून आलो. सकाळी खोदून पायलं तं खाली ओल होती, सेन्सरच्या एका अंगाले बोट जाईन एवढी फट पडली होती. फुकट पाणी गेलं न वरून झाडं पिवळी पडली. तवापासून मी असं करतो, पहिले खड्डा घेतो, त्याच खड्ड्यातली माती बादलीत कालवून पातळ गारा करतो, सेन्सर उभा धरून गारा ओततो, हातानं दाबतो, वर वाळलेला पालापाचोळा टाकतो म्हणजे वरची माती लवकर फाटत नाई. बसवल्यावर चार-पाच दिवस आकड्याकडे पायतच नाई, माती बसू देतो.

जागा कोणती ते पण महत्त्वाचं. ड्रिपरच्या बुडाशी लावलं तं कायमच ओलं दाखवन. झाडाच्या घेराच्या कडेले लावा, खाणारी मुळं तिथंच असतात न, बहुतेक वरच्या फूटभरातच. खोडाजवळ नको, खोडाले तसंही पाणी लागू देऊ नये, डिंक्या येते.

न सेन्सरच्या वरच्या टोकाले जिथं बारीक पार्ट बसवलेले असतात ते उघडं असते. पाण्यानं न दवानं ते गंजते. नेलपॉलिशचे तीन हात द्या, वरून हीट श्रिंक नळी. कडांना पण द्या, कडेतूनच पाणी शिरते. घ्यायच्या वेळी त्याच्यावरची आठ पायाची आयसी पाहून घ्या, टीएलसी५५५ लिहिलं असलं तं बरं. एनई५५५ असलं तं ती ४.५ व्होल्टच्या वरची, ३.३ वर धड चालत नाई.

बॅटरीचं. उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जाते, डब्बा उन्हात असला तं आत किती होत असन ते हात लावून पाहा. लिथियम सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये म्हणतात, माझा एक सेल मे महिन्यात फुगला. आता पॅनल बांबूवर उन्हात, न डब्बा झाडाच्या सावलीत उत्तरेकडून, खाली वायरीले जुन्या ठिबकची नळी चढवलेली, नाईतर उंदीर दोन रात्रीत कुरतडतात. रोही (नीलगाय) न रानडुक्कर येत असतील तं बांबू खोल गाडा.


वावरातला_वायफाय

वायर ३४ ला लावली. वायफाय चालू, आकडा हलून रायला! ताई तुमचे लय उपकार, मी आठ दिवस त्या एका वायरीमागं घालवले. पऱ्हाटीवाले भाऊ, तुमची भेगीची गोष्ट बाबाले वाचून दाखवली, ते म्हणले बरोबर सांगून रायला तो माणूस.

आता टक्केवारी कशी काढू? नेटवर जे प्रोग्राम हायेत त्याच्यात हवेतला आकडा म्हणजे शून्य टक्के न पाण्याच्या गिलासातला म्हणजे शंभर, असं दिलं हाय. माझ्याकडे हवेत २९०० न पाण्यात १२५० येते.


लॅबवाली_ताई

तशी टक्केवारी काढली तर ती तुमच्या मातीबद्दल काहीच सांगत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, मुरमाड जमीन सोडून देते, दोन्हींत पन्नास टक्के लिहून आलं तरी झाडाला मिळणारं पाणी वेगळं. तुमच्याकडे बाबा आहेत ना, त्यांच्या मुठीवरूनच सेन्सर लावून घ्या. पाणी दिल्यावर रोज बाबांना एकाच ठिकाणची माती दाखवा, ज्या दिवशी ते वाफसा आला म्हणतील, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही, त्या घडीचा आकडा वहीत टिपा. आणि ज्या दिवशी म्हणतील की आता पाणी सोडायला पाहिजे, तो दुसरा आकडा. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमची बाग चालते. मोबाईलवर टक्के दाखवूच नका, सरळ वाफसा, चालेल, पाणी द्या असं लिहून दाखवा, बाबांनाही वाचता येईल.

झोपेचं पण करा. दर तासाला एकदा जागं व्हायचं, वाचायचं, पाठवायचं आणि डीप स्लीपमध्ये जायचं. चिप झोपेत दहाएक मायक्रोअँपिअरच घेते, पण बोर्डवरचा लाल एलईडी, यूएसबीची चिप आणि तो रेग्युलेटर मिळून काही मिलीअँपिअर खातच राहतात. समजा १० मिलीअँपिअर धरले तर २५०० चा सेल दहा दिवसांत उतरतो, पावसाळ्यात झड लागली की पॅनल काही भरत नाही. वीज ३व्ही३ ला थेट दिली की रेग्युलेटरचा भार कमी होतो, एलईडी डाग देऊन काढून टाका. सेन्सरची वीज पण एका जीपीआयओ पिनवरून द्या, वाचायच्या अर्धा सेकंद आधी चालू, नंतर बंद.


मोटरपंप_मिस्त्री (मोर्शी)

अंतराचं कोणी बोललंच नाई म्हणून लिहितो. सिमवालं टूजी मॉड्यूल जिओवर चालणारच नाही, जिओचं टूजी नेटवर्कच नाहीये, त्यांचं सगळं फोरजी पासून पुढं. आणि ते मॉड्यूल क्षणभर २ अँपिअर ओढते, तुमचा सेल आधीच दमलाय. सव्वा किलोमीटरला लोरा घ्या, म्हणजे कमी विजेत लांबवर थोडी माहिती पाठवणारा रेडिओ. ८६८ लिहिलेलं मॉड्यूल घ्या आणि प्रोग्राममध्ये फ्रिक्वेन्सी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या मधली टाका, आपल्या देशात हा पट्टा विनापरवाना खुला आहे. एक बोर्ड बागेत, एक घरी राउटरजवळ. घरच्या राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, लोडशेडिंगमध्ये तोच आधी बंद पडतो.

अँटेना झाडाच्या वर गेली पाहिजे. संत्र्याची दाट, ओली पानं सिग्नल खातात, पाऊस पडून गेल्यावर फरक लगेच कळतो. मी जीआय पाइपवर पंधरा फुटावर लावतो. आणि विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बोर्ड बसवायचा मोह होतो, लाईट तिथेच असते म्हणून, पण काँटॅक्टर (मोटर चालू करणारा मोठा स्विच) बसला की जो झटका येतो त्यानं बोर्ड लटकतो. निदान दहा फूट दूर ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, अँटेना लावल्याशिवाय लोरा मॉड्यूलला वीज देऊ नका. पाठवायला गेलं की आतला अँप्लिफायर जळू शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.


वावरातला_वायफाय

बारा दिवसांनी लिहून रायलो. फॉस्फेट सेल न त्याचा चार्जर लावला, एकदाही रीसेट नाई. गारा ओतून सेन्सर बसवला. बाबा काठी घेऊन रोज सकाळी येतात, मूठ दाबतात, मी वहीत लिहितो. पाणी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी हात झटकला न म्हणले, आला वाफसा. आकडा होता १६८०. बांधाच्या खालच्या कोपऱ्यात त्याच दिवशी १५४० होता न बाबा तिथं म्हणले अजून चिकट हाय, थांब. म्हणजे दोघायचं जुळून रायलं.

पाणी सोडायचा आकडा अजून मिळाला नाई, माती अजून तेवढी सुकली नाई. लोराचे दोन मॉड्यूल मागवले, ८६८ वाले. अँटेना कसल्याशिवाय वायर जोडत नाई.