नवीन श्रवणयंत्रं: आवाज येतो, शब्द कळत नाहीत

पारिजात विचारतात:

दोन्ही कानांना श्रवणदोष आहे. ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, खालच्या पट्टीत (५०० हर्ट्झला) ३० डेसिबल, वरच्या पट्टीत (४००० हर्ट्झला) ६५; आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. कानामागे बसणारी आणि बारीक तारेने कानात स्पीकर जाणारी यंत्रं नुकतीच घेतली. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, भांडी आपटली की नकोसं होतं, आणि चारचौघांत बोललेलं तरीही कळत नाही. ही सवयीची गोष्ट आहे की सेटिंग चुकलंय? आणि फक्त बाहेर जाताना लावली तर चालेल का?

अनुनाद:

थोडं सवयीचं आहे, थोडं सेटिंगचं. आधी घुमण्याचं कारण शोधा. यंत्र बंद करून कानात तसंच ठेवा आणि लांब 'ईऽऽ' म्हणा. तरीही घुमलं तर कान रबरी टोपीने, म्हणजे डोमने, बुजला आहे; सेटिंग बदलून ते जाणार नाही. छिद्रांचा, उघडा डोम मागा. ५०० हर्ट्झला तुमची श्रवणशक्ती बरीच शाबूत असल्याने तो चालण्याची शक्यता चांगली आहे. मात्र उघड्या डोममुळे शिट्टी वाजण्याची शक्यता वाढते. बंद असताना घुमणं थांबलं, तर यंत्राने खालच्या पट्टीतल्या आवाजाला दिलेली वाढ जास्त झाली आहे आणि ती सॉफ्टवेअरमधून कमी होते.

भांड्यांबद्दल ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे यंत्र जुळवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाशी, बोलताना शब्द जपून वापरा. "आवाज तीक्ष्ण वाटतो" एवढंच सांगितलं की बऱ्याचदा वरच्या पट्टीतली सगळी वाढ कापली जाते. पण स, श, फ, ट ओळखायला लागणारा बराचसा ध्वनी त्याच पट्टीत असतो, आणि तुमचं नुकसानही तिथेच आहे. ती वाढ कापल्याने भांडी सुसह्य होतात आणि बोलणं पुन्हा अस्पष्ट होतं. "अचानक होणारे मोठे आवाज सहन होत नाहीत, कमाल मर्यादा खाली आणा," असं सांगा. ती मर्यादा वेगळी लावता येते. आवाज नुसता नकोसा वाटत असेल तर तो सरावाने बोथटतो. कान दुखत असेल तर वाट बघू नका.

'रिअल इअर मेजरमेंट' झालं होतं का, तेही विचारा. त्यात कानाच्या नळीत बारीक नळी घालून, पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजतात. कानाच्या नळीचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरने सुचवलेली पहिली जुळणी हा केवळ अंदाज असतो.

सावकाश:

फक्त बाहेर जाताना लावू नका. गर्दी ही सगळ्यात अवघड परीक्षा आहे आणि तुम्ही सुरुवातच तिथून करू पाहताय. आधी शांत घरात दोन-चार तास, मग वाढवत वाढवत उठल्यापासून झोपेपर्यंत. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचा, म्हणजे स्वतःच्या आवाजाची ओळख पटते. पुढे समोरासमोर एकाशी बोलणं, मग टीव्ही, शेवटी घोळका. मेंदूला हे आवाज पुन्हा लावून घ्यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

घोळक्यात गोंगाट पाठीमागे आणि बोलणारा समोर येईल असं बसा, कारण यंत्राचे दिशादर्शक माइक समोरचं जास्त उचलतात. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो.

पारिजात:

डोम बदलून घेते. पण आज सकाळपासून उजवं यंत्र फार मंद झालंय, मधूनच शिट्टीही वाजते.

अनुनाद:

दोन्ही यंत्रं काढून फोन एकेका कानाला लावा. उजव्या कानालाच एकाएकी कमी ऐकू येत असेल तर आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक आलेल्या अंतर्कर्णाच्या बधिरतेवर उपचार जितके लवकर, तितका उपयोग जास्त.

कान पूर्वीसारखाच असेल तर आधी वॅक्स फिल्टर, म्हणजे स्पीकरच्या तोंडावरची मळ अडवणारी बारीक जाळी, बदला. फिल्टरसोबत मिळणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुना ओढून काढायचा, दुसऱ्या टोकावरचा नवा दाबून बसवायचा. पिन घालू नका, स्पीकर फुटतो. शिट्टी बहुधा डोम पुरता आत न गेल्याने किंवा कानात मळ साचल्याने वाजते. स्पीकरच्या तोंडावर ब्रश सकाळी मारा, रात्रीत मळ वाळलेला असतो. आणि ब्रश मारताना ते तोंड खाली धरा. रात्री यंत्र सुकवणाऱ्या डबीत ठेवा, पण यंत्र झिंक-एअर (चार्ज न होणाऱ्या, बटणासारख्या) बॅटरीवर चालणारं असेल तर ती बॅटरी बाहेर काढून, नाहीतर ती लवकर संपते.

मृद्गंध:

एक राहिलं. यंत्र केसांत लपवून, न कळताच मान हलवत राहण्यात माणूस फार दमतो, आणि हळूहळू बोलण्यातूनच बाजूला होतो. घरच्यांना नेमकं सांगा: आधी नावाने हाक मारा, मी वळले की बोला, उजेड तुमच्या चेहऱ्यावर असू दे, आणि कळलं नाही तर तेच वाक्य ओरडून सांगू नका, शब्द बदलून सांगा. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी होत नाहीत, शिवाय ओठांची ठेवण बिघडते. दिवसअखेर डोकं जड झालं तर अर्धा तास यंत्रं काढून बसायला हरकत नाही, मात्र पुन्हा लावा.