जुना कॅबिनेट आणि एसएमपीएस ठेवून एएम५ गेमिंग पीसी: यादी जुळते का?

प्रश्न: खिडकीशेजारी (हे फोरमवरचे सदस्यनाव, पुढची नावेही तशीच)

१४४०पी, १६५ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी पीसी जुळवायचा आहे. शक्य तेवढे जुने भाग ठेवायचे आहेत.

नवीन: रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी.

जुने: डीडीआर४ ३२०० रॅम (८ जीबीच्या दोन स्टिक), ४५० वॉटची एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), एटीएक्स कॅबिनेट, २५६ जीबी साटा एसएसडी, ६०० व्हीएचा यूपीएस.

एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला २८ अँपिअर लिहिले आहे. प्रोसेसरसाठी ४ पिनची एक केबल आणि ग्राफिक्स कार्डासाठी ६ पिनची एक. कॅबिनेटच्या पत्रकात कार्डाची कमाल लांबी ३०० मिमी आणि कूलरची कमाल उंची १५० मिमी दिली आहे. यातले काय चालेल, काय नाही? एसएमपीएसला कन्व्हर्टर केबल लावून काम भागेल का?

उत्तर १: सॉकेटवाला

रॅम चालणार नाही, हे आधी. तुमचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ स्टिकची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे डीडीआर४ स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावून पाहू नका, स्लॉट फुटेल.

डीडीआर५ घ्याल तेव्हा १६ जीबीच्या दोन स्टिकचा एकाच पाकिटातला संच घ्या. ६००० वेग, सीएल३० (प्रतिसादाला लागणारा उशीर) आणि एक्स्पो (जाहीर वेग चालू करणारी सेटिंग) असे लिहिलेला संच रायझनला उत्तम मानवतो. आज एक स्टिक, सहा महिन्यांनी दुसरी, असे करू नका. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन स्टिकवर चिप वेगळ्या निघतात आणि मग ६०००वर पीसी स्थिर राहत नाही. चारही स्लॉट भरायचा मोह तर नकोच, चार स्टिकला एएमडीचा अधिकृत वेग ३६००पर्यंत उतरतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा वापरा.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटे पडदा काळाच राहतो. त्या वेळात बोर्ड रॅम जुळवून घेत असतो. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून बरेच जण नेमके तेव्हाच बटण दाबतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंखे फिरत असतील तर दहा-पंधरा मिनिटे हात लावू नका. चित्र आले की बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन एक्स्पो चालू करा. ते विसरलात तर ६०००ची रॅम ४८०० किंवा ५६००वरच चालत राहील.

आता बायोस. बी६५० बोर्ड २०२२मध्ये आले, रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४मध्ये. दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुने बायोस असेल तर ९६००एक्सवर पीसी सुरूच होणार नाही. खोक्यावर ‘रायझन ९००० रेडी’ असे स्टिकर आहे का पाहा. नसेल तर बायोस फ्लॅशबॅकचे (प्रोसेसर चालू न होताही बायोस बदलणारे) बटण असलेलाच बोर्ड घ्या. पद्धत अशी: पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करायचा. कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्याच मॉडेलची (रिव्हिजन नंबरसुद्धा जुळवून) फाइल घ्यायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेले नाव तिला द्यायचे. मग खुणेच्या यूएसबी पोर्टमध्ये ड्राइव्ह लावून, एसएमपीएसच्या २४ पिन आणि ८ पिन केबल जोडून बटण तीन सेकंद दाबायचे. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून हे काम यूपीएसवरच करा.

उत्तर २: बारा व्होल्ट

एसएमपीएस बदला. कन्व्हर्टरचा विचार सोडून द्या.

हिशेब मांडतो. खोक्यावरच्या ४५० या आकड्याला फारसा अर्थ नाही. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. १२ गुणिले २८ म्हणजे ३३६ वॉट, एवढेच तुमच्या हातात आहेत. ९६००एक्स पूर्ण भारावर सुमारे ८८ वॉट घेतो, ५०६० टीआय १८० वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ५० धरा. ३१८ झाले. शिवाय कार्ड क्षणभरासाठी १८०च्या बरेच वर उसळी घेते. त्या क्षणी जुनी एसएमपीएस स्वतःला बंद करून घेते आणि गेम चालू असताना पीसी धाडकन रीस्टार्ट होतो. लोक विंडोज पुन्हा टाकतात, ड्रायव्हर बदलतात, आणि दोष भलतीकडेच असतो.

कन्व्हर्टरबद्दल: या कार्डाच्या बहुतेक मॉडेलांना ८ पिनची एक केबल लागते. तिच्यातून १५० वॉट देणे अपेक्षित असते, ६ पिनमधून ७५. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. साटावरून ८ पिन करून देणारी केबल बाजारात सर्रास मिळते आणि ती वितळते. आग लागण्याइतका हा गंभीर प्रकार आहे.

एनव्हीडिया या कार्डासाठी ६०० वॉट सुचवते. चांगल्या कंपनीची ६५० वॉटची, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड (कार्यक्षमतेचा दर्जा), निदान पाच वर्षांची वॉरंटी असलेली घ्या. प्रोसेसरची ८ पिन (४+४) आणि कार्डाची ८ पिन (६+२) या वेगळ्या केबल आहेत. दिसायला सारख्या, पण व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट. ढकलून बसवू नका, केबलवर छापलेले वाचा.

यूपीएस: ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या पुढे जातील, मग लाइट गेली की यूपीएस किंचाळून बंद. निदान १००० व्हीए, ६०० वॉटचा पाहा. आणि घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असेच समजा. ते दुरुस्त होईपर्यंत नवे कार्ड त्या प्लगवर लावू नका.

उत्तर ३: थर्मल पेस्ट

वर कुणी कूलरचे बोलले नाही. ९६००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. १२० मिमी पंख्याचे बरेच टॉवर कूलर १५५ मिमीचे असतात; तुमच्या कॅबिनेटचे झाकण लागणार नाही. १४८ मिमीच्या आसपासचेही मिळतात, तसला शोधा. आधीच्या एएम४ सॉकेटचा कूलर बहुधा एएम५वर बसतो, मात्र तो बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटवर (बोर्डामागच्या पट्टीवर) स्क्रू होणारा हवा. एएम५ची बॅकप्लेट सॉकेटलाच जोडलेली असते, काढता येत नाही.

कार्ड दोन पंख्यांचे घ्या, २५० मिमीच्या आत मिळून जाईल. तीन पंख्यांची काही मॉडेल ३०० ओलांडतात.

जुना बोर्ड पूर्ण एटीएक्स असेल तर आणखी एक पाहा. मायक्रो एटीएक्स २४४ मिमी उंच, एटीएक्स ३०५. कॅबिनेटमध्ये आधीचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रू होतो ते छोटे खुंट) आहेत. नव्या बोर्डाला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ काढून टाका. तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकला तर शॉर्ट होतो.

केबल जोडताना मॉनिटर ग्राफिक्स कार्डालाच लावा, डिस्प्लेपोर्टने. ९६००एक्समध्ये स्वतःचे छोटे ग्राफिक्स आहे, त्यामुळे चुकून बोर्डाला लावली तरी चित्र येते आणि गेम रखडत चालतो.

उत्तर ४: बी५५० पक्ष

१६ जीबी डीडीआर४ हातात असताना एएम४चाही विचार व्हावा. रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड घेतला तर रॅम वाचते, ५६००च्या खोक्यात कूलरही येतो. १४४०पीवर बहुतेक गेममध्ये आधी कार्डाचीच मर्यादा लागते. डीडीआर५चे भाव चढलेले असतील तेव्हा हा फरक मोठा पडतो.

फक्त ५५०० किंवा ५६००जी घेऊ नका, आणि बी४५० बोर्डही नको. ५०६० टीआय पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांच्यातली जोडणी) ५.०चे असले तरी आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरते. बी५५०वर ५६००सोबत त्या ४.० वेगाने चालतात, तेवढे पुरते. ५५००, ५६००जी आणि बी४५० मात्र ३.०वर अडकतात, तिथे काही गेममध्ये फ्रेम जातात. ५६००मध्ये अंगचे ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड बिघडले तर पडदा काळा.

सॉकेटवाला

हे मान्य, पण एएम४ हा सॉकेट संपल्यात जमा आहे. पुढे प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर एएम५च. चार-पाच वर्षे काहीच बदलायचे नसेल तर ५६०० घेऊन वाचलेले पैसे एसएमपीएस आणि यूपीएसवर घाला.

खिडकीशेजारी

पुढे प्रोसेसर बदलायचा आहे, म्हणून एएम५ पक्के. डीडीआर५ संच, ६५० वॉटची मॉड्युलर (केबल सुट्या होणारी) एसएमपीएस, १४८ मिमीचा कूलर, १००० व्हीएचा यूपीएस यादीत घेतले. शेवटचा प्रश्न: जुनी साटा एसएसडी कॅबिनेटच्या पार पुढे आहे. नव्या एसएमपीएसची साटा केबल तिथवर पोचली नाही तर दुसऱ्या एका मॉड्युलर एसएमपीएसची लांब केबल पडून आहे, ती लावू का?

बारा व्होल्ट

नाही. केबलचे एसएसडीकडचे टोक ठरलेले असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनी आपली ठरवते, एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ती वेगळी असू शकते. प्लग बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. एसएसडी त्याच क्षणी जळते. साध्या साटा एक्स्टेंशनने, म्हणजे साटा ते साटा, लांबी वाढवा. एका एसएसडीला तेवढे पुरते. त्यातला डेटा मात्र जोडण्याआधी दुसरीकडे उतरवून ठेवा.