जखमेतून ‘लस’ येते की ‘स्राव’?

तळटीप: जखमेच्या निगेविषयीचा मजकूर मराठीत करतोय. ‘जखमेतून लस येते’ असं लिहिलं होतं. तपासणीत ते खोडून ‘स्राव येतो’ केलं गेलं, कारण म्हणे लस टोचतात, वाहत नाही. पण स्रावात रक्त, पू सगळंच आलं. पहिल्या दोन-तीन दिवसांतलं पातळ, फिकट पिवळं पाणी वेगळं कसं सांगावं?

निळी शाई: ‘लस’च. टोचायच्या लशीचं नाव त्यावरूनच पडलं असणार. जेन्नरनं 1796 मध्ये टोचली ती गाईच्या देवीच्या फोडातली लसच होती. पुढेही एकाच्या दंडावरच्या फोडातून ती दुसऱ्याच्या दंडात घालत. द्रव्य बदललं, नाव राहिलं.

कोशबाह्य: व्युत्पत्ती मान्य, पण आजचा वाचक ‘जखमेची लस’ म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन समजेल. ‘रक्तजल’ लिहा.

सूक्ष्मदर्शी: रक्तजल मुळीच नको. रक्त गोठल्यावर वेगळं होतं ते रक्तजल, म्हणजे सीरम. रक्त गोठवणारं प्रथिन, फायब्रिनोजेन, गुठळीत गेलेलं असतं. जखमेपाशी हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनामुळे केशवाहिन्यांच्या भिंतींत फटी पडतात आणि रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पातळ भाग (प्लाझ्मा), झिरपतो, जंतूंशी लढणारी अँटिबॉडी व कॉम्प्लिमेंट प्रथिनं आणि फायब्रिनोजेनसकट. म्हणून तर त्याची खपली धरते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी काही तासांत येतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच खच. हिरवट झाक त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराची (एन्झाइमची). भाषांतरात हा फरक राहिलाच पाहिजे: पातळ, स्वच्छ लस स्वाभाविक, दाट, दुर्गंधीयुक्त स्राव आणि पसरती लाली म्हणजे जंतुसंसर्ग, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

निळी शाई: मग ‘लसिका’?

सूक्ष्मदर्शी: ऊतींत झिरपलेला हाच द्रव लसिकावाहिनीत शिरला की लसिका (लिम्फ). दिवसाला साधारण 3 लिटर, बहुतेक डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेत परत जाते. वाटेत लसिकाग्रंथी.

निळी शाई: ‘ग्रंथी’ हा शब्द बदलायलाच हवा. ती काही स्रवत नाही, लसिका गाळते. जंतूचे तुकडे ओळखणाऱ्या बी आणि टी या पांढऱ्या पेशी तिथे झपाट्यानं वाढतात, म्हणून ती सुजते. पाय चिघळला की जांघेत ‘अवधाण’ येतं, हा आपला नेमका शब्द का टाकला?

कोशबाह्य: अवधाण हे सुजेचं नाव. निरोगी शरीरात अशा शेकडो असतात, त्यांना अवधाण कसं म्हणणार? आणि संस्कृतात ग्रंथी म्हणजे गाठच. स्रवण्याची अट पाठ्यपुस्तकांनी नंतर लादली.

निळी शाई: मग सरळ ‘लसिकागाठ’ म्हणा.

सूक्ष्मदर्शी: ‘गाठ’ वाचून रुग्ण कर्करोगाच्या भीतीनं हादरतो. तपासणीच्या अहवालात तर नकोच.