कोलकाता: साउथ पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी बघायची आहे, सल्ला हवा

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. जानेवारीत भाच्याच्या लग्नाला कोलकात्याला जातोय. लग्न आटोपल्यावर एक सकाळ मोकळी आहे. मुलगी शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्रीचा हट्ट धरलाय. सोबत आई आहे, वय ७१, गुडघे दुखतात. तिचं म्हणणं, "लग्नघरातून उठून थडगी बघायला कशाला जायचं?" किती वेळ ठेवावा? आईला झेपेल का? आणि नेमकं काय बघावं? नेटवर तीच ती चार नावं फिरत असतात.

सांजपाखरू:
जरूर जा. कोलकात्यात सहा वर्षं काढली, या जागेत कितीतरी सकाळी घालवल्यात. निदान दोन तास ठेवा आणि गेट उघडल्या उघडल्या आत शिरा. जमीन सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही, पण घडीचं स्टूल बरोबर घ्या. डासांचं मलम विसरू नका.

ही जागा १७६७ साली सुरू झाली. तेव्हा ती शहराबाहेर होती आणि आजच्या पार्क स्ट्रीटला बरियल ग्राउंड रोडच म्हणत. पॅरिसची प्रसिद्ध पेर लाशेझ १८०४ ची, म्हणजे ही तिच्याही आधीची. चर्चच्या अंगणात न पुरता गावाबाहेर स्वतंत्र, झाडांनी भरलेली दफनभूमी, हे त्या काळी नवीनच होतं. आत सुमारे १६०० थडगी आहेत आणि बहुतेक माणसापेक्षा उंच. पिरॅमिड, चौकोनी निमुळते स्तंभ, खांबांवरचे घुमट, असं सगळं दाटीवाटीने उभं आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा एखाद्या छोट्या गावाच्या गल्ल्यांतून फिरतोय असं वाटलं होतं.

सर्वांत उंच स्तंभ विल्यम जोन्स यांचा. १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे, शाकुंतल इंग्रजीत नेणारे, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं १७८६ च्या भाषणात मांडणारे. १७९४ साली गेले, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. सोसायटीची इमारत याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. वेळ असेल तर दोन्ही एकाच दिवशी बघा.

मुलीला रोझ एल्मरचं थडगं नक्की दाखवा. ही मुलगी १८०० साली, विशीत गेली. वर निमुळता होत जाणारा, पीळ दिलेला स्तंभ आहे. लँडर या इंग्रज कवीने तिच्यावर लिहिलेल्या ओळी त्यावर पुढे बऱ्याच वर्षांनी लावल्या गेल्या. आता त्याच आवारात वॉल्टर लँडर डिकन्सचा दगड शोधा. चार्ल्स डिकन्स यांचा हा मुलगा, १८६३ च्या ३१ डिसेंबरला कोलकात्यात वारला, वय २२. त्याचं 'लँडर' हे नाव याच कवीवरून ठेवलेलं! त्याला पुरलं भवानीपूरला, इथे फक्त दगड आणलाय, १९८७ साली. मी दोन्ही ठिकाणं एकामागोमाग बघितली आणि घरी येईपर्यंत दुसरं काही सुचेना.

चुनखडी:
सांजपाखरू ताईंनी छान लिहिलंय. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडी भर.

लांबून जे दगडी वाटतं ते बहुतेक विटांचं बांधकाम आहे, वर चुन्याचा गिलावा. बंगालच्या त्या भागात दगड जवळपास मिळत नाही. म्हणून ग्रीक खांब, रोमन कमानी सगळं विटेत रचून चुन्यात घडवलंय. गिलावा निखळलेल्या कोपऱ्याशी मुलीला दोन मिनिटं उभं करा. खांबाची गोलाई देण्यासाठी वीट कशी तासलीय ते उघडं दिसतं. कलाशाळेत हे इतकं स्पष्ट कुणी दाखवणार नाही.

खुणाही सांगून ठेवा. वरून वस्त्र पांघरलेला कलश म्हणजे शोक, उलटी धरलेली मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य, अर्ध्यात तुटलेला खांब म्हणजे अकाली मरण, स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप म्हणजे अनंतकाळ. एकदा कळलं की लेख न वाचताही बरंच उमगतं.

एक कळकळीची विनंती. पुसट अक्षरं वाचण्यासाठी कुणी त्यावर खडू घासतं, कुणी किल्लीने शेवाळ खरवडतं. कृपा करून तसं करू नका. मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरका धरा, अक्षरांच्या सावल्या पडतात आणि लेख वाचता येतो. आणि ओट्यांवर चढायचं नाही, सांधे ढिले झालेत.

पाऊलखुणा:
मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट राहिले की! आयरिश माणूस, कंपनीच्या फौजेतला, हिंदू चालीरीती पाळायचा म्हणून 'हिंदू स्टुअर्ट' म्हणूनच ओळखला जायचा. १८२८ साली गेला. त्याचं थडगं चक्क देवळाच्या आकाराचं आहे. ख्रिस्ती दफनभूमीत ते देऊळ बघून माझे वडील नकळत चप्पल काढून उभे राहिले होते.

आणि डेरोझिओ. हिंदू कॉलेजातला तरुण शिक्षक, मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं म्हणून नोकरी गेली, त्याच वर्षी २६ डिसेंबर १८३१ ला कॉलऱ्याने गेला. वय फक्त २२. तारीख बघून मला एकदम आठवलं, त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ ला, मुंबईत बाळशास्त्रींचं 'दर्पण' निघालं.

मीठभाकर:
थोडं वेगळं सांगू का? यादी घेऊन जाऊ नका. मी पहिल्या खेपेला तसंच केलं, एका थडग्यावरून दुसऱ्यावर धावत राहिलो आणि बाहेर आल्यावर काहीच हाती नव्हतं. दुसऱ्या खेपेला एकच ओळ धरली आणि तिच्यातले सगळे लेख वाचले. वयं बघा. वीस, चोवीस, एकोणीस. लहान मुलांची वयं तर वर्षं, महिने, दिवस अशी मोजून कोरलेली. मुंबईबद्दल त्या इंग्रजांत म्हणच होती, दोन पावसाळे हेच माणसाचं आयुष्य. ती वाक्यं पुस्तकात वाचणं वेगळं आणि एका ओळीत पंधरा दगडांवर वाचणं वेगळं.

पाऊलखुणा:
पटलं. आणि परत येताना जमलं तर सुरतचीही बघा, कधीतरी. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांची आणि डचांची जुनी थडगी आहेत. त्यातलं दोन मजली, घुमटाचं मोठं थडगं ऑक्झेंडन भावांचं. यातला जॉर्ज म्हणजे १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला माणूस. १६६९ साली तिथेच वारला. इतिहासातलं नाव विटाचुन्यात समोर उभं राहतं. मोगली मकबऱ्यासारखं बांधलंय, तुमच्या मुलीला कोलकात्याशी तुलना करता येईल.

सांजपाखरू:
अजून एक. बाहेर पडल्यावर थोडं चाललं की लोअर सर्क्युलर रोडची दफनभूमी लागते. तिथे बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त आहेत, १८७३ साली गेले. स्वतःच लिहून ठेवलेल्या बंगाली ओळी थडग्यावर आहेत. बंगालात जन्मला असशील तर क्षणभर थांब, असं ते वाटसरूला सांगतात. मराठी माणसाला अर्थ लागतो, हळू वाचा.

आईंना म्हणावं, आल्यावर आंघोळ करा, त्यात काय.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो.

मुलगी एल्मरच्या थडग्यापाशी तासभर होती. म्हणाली, एका जागी उभं राहून हा पीळ काढताच येत नाही, कागद घेऊन भोवती फिरावं लागतं. चार कागद फाडले, पाचवा जपून ठेवलाय.

आई स्टुलावर बसूनच राहणार होती. मी मीठभाकर यांनी सांगितलं तसं एक ओळ धरून वाचत होतो, टॉर्च तिरका धरून. एका दगडावर आईचं आणि तान्ह्या बाळाचं नाव एकाखाली एक होतं, मधे नऊ दिवसांचं अंतर. मी तारखा मोठ्याने वाचल्या. आई उठून आली. "पहिलटकरीण होती का रे?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. तिने दगडावर पडलेली वाळकी पानं हाताने बाजूला केली आणि पुढचा दगड वाच म्हणाली.

घरी येऊन तिने डोक्यावरून आंघोळ केली. रात्री झोपताना विचारलं, "त्या पोरीचं नाव काय होतं, परत सांग."