मदत हवी आहे: नाशिकच्या वायनरी पाहाच्या हाय, लवकर सांगा

पऱ्हाटीवाला: उद्या तिकीट काढाचं हाय बापा. आम्ही चौघं जण, एकच दिवस. कोणती वायनरी चांगली, किती वेळ लागते? येताना चार-सहा बाटल्या आणाच्या हाय. सुला सांगू नका, ते सगळ्यायलेच माहीत हाय.

खामगावकर: जाता केव्हा ते तं सांगा भाऊ! जानेवारी ते मार्च द्राक्षाची तोडणी रायते, तवा क्रशिंग म्हणजे द्राक्षं चेचताना पाहाले भेटते. नाई तं निस्त्या स्टीलच्या टाक्या पाहून यान.

पऱ्हाटीवाला: पोळा झाला की.

खामगावकर: मंग घड विसरा. छाटणीच त्याच्यानंतर होते.

नाशिककर_७: सुला उगाच टाळू नका, टूर व्यवस्थित असते. यॉर्क वायनरी तिथून जवळच, संध्याकाळी तिथे बसा, समोर गंगापूर धरण दिसतं. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झॅम्पा या वायनरी इगतपुरी तालुक्यात, म्हणजे दुसरी दिशा, एका दिवसात दोन्हीकडे धावाल तर सगळा वेळ गाडीतच जाईल. टेस्टिंगला, म्हणजे वाईन चाखायला, पोटभर खाऊन जा, शनिवार-रविवार टाळा, आणि गाडी चालवणारा पिणार नाही हे निघायच्या आधीच ठरवा.

वऱ्हाडी_काका: नाशिकले जाऊन हे धंदे? त्र्यंबकेश्वर करा, पंचवटी करा.

संत्राबाग: २०२२ मधी सुपरमार्केटात वाईन ठेवाचं ठरलं तवा म्हणे शेतकऱ्याचा फायदा. आमची संत्री झाडाखाली सडते त्याचं काय?

नाशिककर_७: काका, संत्राबाग, वेगळा धागा काढा ना. चौघांत २१ च्या खालचं कोणी आहे का?

पऱ्हाटीवाला: लहान भाऊ १९ चा हाय. काऊन?

नाशिककर_७: त्याला टेस्टिंग मिळणार नाही. टूर करेल, ज्यूस पिईल.

खामगावकर: अन् बाटल्या नेता कोणत्या गावाले?

पऱ्हाटीवाला: आर्वी.

खामगावकर: अरे बापा! वर्धा जिल्ह्यात दारूबंदी हाय, हे आधी सांगाचं ना!

संत्राबाग: वाईन काय दारू हाय का, द्राक्षाचा रस तं हाय.

खामगावकर: हे पुलगाव स्टेशनवर पोलिसाले सांगून पाय. कायद्यात वाईन बी येते. पऱ्हाटीभाऊ, जे प्याचं ते तिकडंच प्या, घरी मनुका आणा.

पऱ्हाटीवाला: बरं, बाटल्या राहू द्या. नाशिकरोडहून गंगापूरकडं रिक्षा करू का टॅक्सी, हे कोणीच नाई सांगलं.

वऱ्हाडी_काका: त्र्यंबकले एसटी जाते.