मदत हवी आहे: ९ वर्षांच्या मुलीला एकटीला गाणं शिकवणारे ऑनलाइन गुरू

नमस्कार मंडळी. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. लेक ९ वर्षांची आहे, तिच्यासाठी शास्त्रीय गायन शिकवणारं कुणीतरी हवं आहे. ऑनलाइनच, कारण गावात कुणी नाही. पण गटात नको. ते का, ते जरा सविस्तर सांगते.

मागच्या सप्टेंबरात तिला एका ऑनलाइन क्लासला घातलं. १४ मुलं, आठवड्यातून एकदा पाऊण तास. शिकवणाऱ्या ताई प्रेमळ, मुलांना जीव लावणाऱ्या. पण सगळ्यांचे माइक बंद. १४ जण एकदम गायले तर नुसता कालवा होईल, हे मलाही कळतं. म्हणून ताई पेटीवर पलटा (स्वरांची ठरावीक ओळ) म्हणायच्या, मुलं आपापल्या घरी म्हणायची. महिन्यातून एकदा एकेकाचा माइक उघडायचा, तोही मिनिटभर. सात महिन्यांत लेकीचे असे दहा अलंकार म्हणजे पलटे पाठ झाले, भूप रागाची सरगम झाली. मी खूश होते.

एप्रिलात सासूबाई आल्या. त्या मिरजेच्या, लहानपणी पाच-सहा वर्षं शिकलेल्या. पहिल्याच संध्याकाळी नातीला समोर बसवलं, फोनवर काळी चार पट्टीतला तंबोरा लावला आणि म्हणाल्या, "नुसता सा लाव बघू." लागायचा, पण टिकायचा नाही, लगेच खाली घसरायचा. सरगमेत गांधार, म्हणजे ग, दर वेळी उतरलेला. पेटीचा आधार गेला की सूर गेला. "पण आजी, मला सगळं येतं," म्हणत लेक रडायला लागली. तिची यात काही चूक नव्हती. सात महिने तिचं गाणं कुणी ऐकलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, क्लास सुरू करून दिला की मी स्वयंपाकाला लागायचे.

आता रोज शाळेआधी दहा मिनिटं आजी-नात फक्त सा लावतात. फरक पडतोय, मला दाराबाहेरूनही कळतो. पण आजींचा व्हिसा ९० दिवसांचा, जुलैत त्या परत जातील.

तर मला तिचं ऐकणारे गुरू हवेत. नाव मोठं नसलं तरी चालेल. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळाला तर फार बरं. भारतातले रात्रीचे साडेआठ आम्हाला वर्षभर जमतील: उन्हाळ्यात इथे ५ वाजलेले असतात, ऑक्टोबरअखेर घड्याळ बदललं की ४.

आणखी दोन शंका. एक, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवावं का? दुसरी जरा तांत्रिक आहे. सासूबाईंच्या मिरजेतल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर लेकीचं गाणं ऐकवलं, तर त्यांना तंबोरा पहिले काही सेकंदच ऐकू आला. मग नुसता तिचा गळा. असं का होतं?

प्रतिसाद

ताई, तंबोऱ्याचं आधी सांगतो. ही ॲप माणसाचं बोलणं नीट पोचावं म्हणून बनवलेली असतात. सलग, एकसारखा आवाज आला की त्यांना तो पंख्याची घरघर वाटते आणि ती तो दाबून टाकतात. तंबोरा नेमका तसाच. झूम वापरत असाल तर सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' आहे, ते चालू करा. तंबोरा मात्र तुमच्याच घरी, वेगळ्या फोनवर लावा. ठेक्याचंही तेच. माझा मुलगा ऑनलाइन तबला शिकतो. सुरुवातीला गुरुजी तिकडून टाळी द्यायचे, ती इकडे उशिरा पोचायची. हा त्या टाळीवर अगदी बरोबर वाजवायचा, ते तिकडे आणखी उशिरा पोचायचं आणि बिचारा लयीत नाही म्हणून बोलणी खायचा. लेहरा (तबल्यासोबत सतत वाजणारी धून) आमच्या बाजूला लावला आणि तक्रार मिटली.

गुरू निवडताना एक चाचणी तास मागा आणि घड्याळ लावून बघा, अर्ध्या तासात मुलगी किती वेळ गायली. गुरूच वीस मिनिटं गात असतील तर पुढचे बघा.

परीक्षेची घाई नको. प्रारंभिकनंतर प्रवेशिका प्रथम, मग पूर्ण, अशी शिडी लागते आणि मुलं परीक्षेपुरतेच राग घोकतात. सा स्थिर होऊ दे आधी.

धागाकर्ती

मनापासून आभार! आज ते सेटिंग करून मिरजेला पुन्हा फोन लावला. या वेळी तंबोरा शेवटपर्यंत ऐकू गेला, आणि लेकीने सरगम सुरू करताच तिकडून आवाज आला, "थांब बाळा, गांधार अजून थोडा वर." लेकीने तीनदा लावला, तिसऱ्यांदा त्या "हां" म्हणाल्या. शिकवाल का म्हणून लगेच विचारलं, पण तब्येतीमुळे आता त्यांना जमत नाही. म्हणून शोध चालूच आहे. असं ऐकून शिकवणारं कुणी माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.