मदत हवी आहे : धानाला करंट लावायचं म्हणतोय भाऊ, आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) वाघिणीचे पगमार्क (पंजांचे ठसे)

नमस्कार मंडळी. गाव नागभीड तालुक्यात, मी नोकरीपायी नागपुरात. घरचं दीड एकर धान चुलतभाऊ पाहतो. धान आता दुधात आहे आणि तीन रात्रींपासून रानडुकरांचा कळप बांधीत (धानाच्या खाचरात) शिरतोय. परवा फोनवर भाऊ म्हणाला, "यंदा तार टाकतो." म्हणजे वरच्या विजेच्या लाइनवर आकडा टाकून धुऱ्याभोवती उघडी तार. तेव्हापासून झोप उडाली आहे.

डुकरामागं वाघ येतो. मागच्या आठवड्यात वनरक्षकानं आमच्याच धुऱ्यावर पगमार्क दाखवले, वाघीण आणि सोबत दोन पिल्लं. आमचा भाग ताडोब्याच्या बाहेरचा, ब्रह्मपुरी वनविभागातला. ताडोबा, घोडाझरी, उमरेड-कऱ्हांडला या जंगलांमधली वाघांची ये-जा आमच्या शेतांतूनच होते. नागझिऱ्याहून उमरेडला चालत गेलेला जय वाघ आठवत असेल. त्याचा बछडा श्रीनिवास 2017 साली आमच्याच नागभीड भागात शेतातल्या जिवंत तारेला लागून मेला. गळ्यात रेडिओ कॉलर होती तरी वाचला नाही. आमच्या धुऱ्यावर तसं काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

पण भावाचीही बाजू आहे. 2006 च्या गणनेत महाराष्ट्रात 103 वाघ होते, 2022 मध्ये 444. मला याचा मनापासून आनंद आहे. मात्र त्यातले कितीतरी वाघ आमच्यासारख्या गावांच्या शिवारात राहतात, आणि सरपणाला जाणारी बाई किंवा गुराखी घरी येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. भावाचं वाघाशी वैर नाही. त्याचं वर्षाचं धान डोळ्यांदेखत जातंय, आणि अंधारात माळ्यावर जागलीला जायची आता त्याला भीती वाटते.

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत क्षणभराचा झटका सोडणारं यंत्र, डुकराला खरंच अडवते का? की कंपनीवाले नुसतं सांगतात? शिवाय त्याच्यानं वाघाला इजा होत नाही ना? दुसरं, वनखात्याला मीच कळवलं तर घर तुटेल. न कळवता भावाला कसं थांबवू? कापणीला जेमतेम तीन आठवडे आहेत.

धानकरी :
भाऊ, आम्ही सिंदेवाहीकडचे, चार वर्षांपासून झटका मशीन वापरतो. चालते, पण नीट लावली तर. चोरून घेतलेला करंट सतत वाहतो, जनावर तारेला चिकटतं आणि मरतं. मशीनचा झटका मोठ्या दाबाचा असतो, पण सेकंदाला एकदाच, तोही क्षणभर. जनावर दचकून मागं पळतं, डुक्कर असो की वाघ. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, उंच लावली तर ते खालून घुसतं. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, म्हणून धुरा दर आठवड्याला साफ करावा लागतो. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते अर्थिंगमध्ये, म्हणजे मशीन जमिनीशी जोडण्यात. सळई ओल्या जागी खोल गाडा. आणि मशीन बॅटरीवरच चालवा, घरच्या लाइनची वायर कुंपणाला थेट जोडायची नाही म्हणजे नाही.

रानवाट :
दादा, भावाला वाघाचं सांगू नका, माणसाचं सांगा. रात्री पाणी बघायला निघालेले शेतकरी अशाच तारांनी गेले आहेत, कधी स्वतःच्या, कधी शेजाऱ्याच्या. तुमच्या वहिनी पहाटे कुठल्या धुऱ्यानं जातात ते त्यांना विचारा. वाघ मेला तर वन्यजीव कायद्याखाली किमान 3 वर्षांची कैद आहे आणि वीजचोरीचा गुन्हा वेगळा. पण माझ्या अनुभवात माणूस थांबतो तो घरच्यांच्या नावानं.

वनखात्यात भावाचं नाव न घेता जा. पीकनुकसानीचा अर्ज द्या, आजच फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत तुडवलेला भाग कापू नका. वाघिणीचा वावर नोंदला गेला की गस्त वाढवा म्हणून मागता येतं. 1926 ही वनखात्याची हेल्पलाइन आहे. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, तुमचं गाव यादीत आहे का ते वनपालांना विचारा. ते या हंगामात हाती येणार नाही, त्यामुळे मशीन आत्ता भाड्यानं किंवा उधार मिळाली तर पाहा.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. काल गावी जाऊन आलो. वहिनींचा विषय काढला तेव्हा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तुझी मशीन आण, पण आठ दिवसांत डुक्कर थांबलं नाही तर मी ऐकणार नाही." आकडा टाकायचा बांबू त्यानं माझ्यासमोर गोठ्यात ठेवला. पंचनाम्याला वनरक्षक सोमवारी येणार आहेत.

धानकरी भाऊ, आमच्या बांधीत अजून पाणी आहे आणि दोन बाजूंना कमरेएवढं गवत. अर्थिंगची सळई बांधीतच गाडू की विहिरीजवळ? आणि दीड एकराला बॅटरी केवढी लागेल? शनिवारी मशीन घेऊन निघतोय, त्याआधी सांगितलंत तर फार मदत होईल.